वगळलेल्या गोष्टींची यादी: नामिब वाळवंटात छतावर तंबू असलेली भाड्याची गाडी

मी पंचवीस वर्षं विम्याचे दावे तपासले. त्यामुळे कुठलाही करार हातात आला की मी तो शेवटून वाचायला घेते. नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकमधल्या गाड्यांच्या यार्डात दादा नव्या खेळण्याभोवती फिरावं तसा गाडीभोवती फिरत होता, वहिनी छतावरचा तंबू कुठून उघडतो ते बघत होत्या, आणि मी कराराच्या सहाव्या पानावर होते. तिथे विम्यातून वगळलेल्या गोष्टींची यादी होती. टायर. पुढची काच. गाडीचा खालचा भाग. जळालेला क्लच. वाऱ्यानं उडालेल्या वाळूमुळे गेलेला रंग. पाण्यात गाडी घातल्यामुळे झालेलं काहीही. दुसरं वाहन नसताना गाडी उलटली तर. सूर्यास्तानंतर चालवली तर.

थोडक्यात, वाळवंट गाडीला जे जे करू शकतं ते सगळं. उरलं काय, तर कुणी मागून येऊन धडकलं तर. तीस लाख वस्तीच्या आणि सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरच्या देशात मागून येऊन धडकणार कोण?

मी तिथल्या बाईंना हे विचारलं. त्या हसल्या नाहीत. दिवसाला आणखी 280 नामिबियन डॉलर भरले तर दोन टायर आणि एक काच यादीतून निघेल, म्हणाल्या. गाडीचं भाडं दिवसाला 2,100 होतं. (नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडला एकास एक बांधलेला आहे आणि रँडही तिथे सर्रास चालतो, त्यामुळे सुटे परत घेताना दोन्ही देशांच्या नोटा हातात येतात. देश सोडण्याआधी नामिबियन नोटा खर्चून टाका.) दादा म्हणाला, "अगं, नऊ दिवसांत दोन टायर थोडेच फुटणार आहेत?" मी पैसे भरले.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. गाडी होती टोयोटा हायलक्स, डबल केबिन, मॅन्युअल गिअर, डिझेल. मागे बंद टप, त्यात फ्रिज, गॅसची शेगडी, भांडी, खुर्च्या, फावडं, कॉम्प्रेसर. छतावर दोन घडीचे तंबू. आणि दोन स्टेपन्या. दोन स्टेपन्या बघून दादाचा चेहरा जरा उतरला.

या सेवेत सगळ्यात मोलाचं काय होतं ते आधीच सांगते: ताबा देतानाचे एक तास चाळीस मिनिटं. यार्डातल्या साठीच्या गृहस्थांनी आम्हाला गाडी दाखवली नाही, आमच्याकडून करून घेतली. तंबू आम्ही उघडायचा, आम्हीच मिटायचा, आणि कव्हरची चेन लागेपर्यंत ते हाताची घडी घालून उभे. जॅक कुठे लावायचा ते वहिनींना गाडीखाली झोपायला लावून दाखवलं. मग हवा. चारही टायरांतली हवा त्यांनी आमच्यासमोर कमी करायला लावली आणि पुन्हा भरायला लावली. डांबरी रस्त्यावर 2.4, खडीच्या रस्त्यावर 1.8, मऊ वाळूत 1.0. हे आकडे बार या हवेच्या दाबाच्या मापातले. दादाचं डोकं पीएसआयमध्ये चालतं, म्हणून त्यानं बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून लावलं: 35, 26, 15. मी तो सगळा पाठ फोनवर चित्रित केला. नंतरच्या आठवड्यात तो आम्ही सहा वेळा पाहिला, त्यातला एकदा गुडघाभर वाळूत बसून.

शेवटी सामानाची यादी आली, चौसष्ट वस्तू. चमचे सहा, कप चार, कापायची फळी एक, असं मोजून सही केली.

नामिबियात मोठे रस्ते बी अक्षराचे, ते डांबरी. सी आणि डी म्हणजे बहुतेक खडी आणि माती. वाहतूक डावीकडून, त्यामुळे गोंधळ होत नाही. गोंधळ होतो वेगाचा. खडीचा रस्ता सरळ, रुंद, रिकामा असतो, आणि नव्वदनं गेलं तरी काही होत नाही असं वाटतं, पहिलं वळण येईपर्यंत. मग मागची चाकं आपल्या मनानं जायला लागतात, माणूस घाबरून स्टिअरिंग उलट ओढतो आणि गाडी आडवी होते. म्हणून तर यादीत 'दुसरं वाहन नसताना' हे कलम आहे. आमच्या गाडीत वेग नोंदणारी डबी होती. ऐंशीच्या वर गेलं की ती चिवचिवायची, आणि ती नोंद अपघातानंतर कंपनी तपासते, असं करारात स्पष्ट लिहिलं होतं. दादाला पहिल्या दिवशी तिचा राग आला. मला ती फार आवडली. फाईलमध्ये असा पुरावा मिळायला मी काय दिलं नसतं.

रस्त्यावर आडव्या वळ्या पडलेल्या असतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. त्यांच्यावरून गाडी गेली की दातांची खोळंबलेली सगळी कामं एका तासात होतात. हवा कमी केली तर टायर जरा चपटा बसतो, धक्के स्वतः पितो, टोकदार दगड त्याला चटकन कापत नाही. आम्ही पहिल्या दिवशी आळस केला. डांबर संपलं तिथे थांबून चार टायरांची हवा सोडायला दहा मिनिटं लागली असती. ती वाचवली, आणि चाळीस किलोमीटरनंतर गपचूप थांबून तेच केलं.

स्प्रीट्सहोख्ते घाटाच्या माथ्यावरून पहिल्यांदा नामिब दिसलं. तीव्र उताराचा घाट आहे, मागे ट्रेलर असेल तर जाऊ देत नाहीत. खाली फिकट पिवळं सपाट मैदान, त्यात सुटे डोंगर, आणि दूरवर काहीच नाही. ते काहीच नाही बघायला आलो होतो. वहिनी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवत होत्या आणि कुणीही बोलत नव्हतं.

सॉलिटेअरच्या अलीकडे अठरा किलोमीटरवर पहिला टायर गेला. बाजूची भिंत चिरली, म्हणजे ठिगळाचा प्रश्नच नाही. समोरून आलेल्या एका ट्रकनं त्याच अर्ध्या तासात काचेवर दगड उडवून डाळीएवढा टवका पाडला होता, त्यामुळे दादा आता गप्प होता.

इथे पहिली तक्रार. जॅक होता, पाना होता, पण जॅकखाली ठेवायची लाकडी पाटी नव्हती. भुसभुशीत जमिनीवर जॅक गाडी उचलत नाही, स्वतः खाली जातो. आम्ही तीन वेळा दगड लावले, तिन्ही वेळा तो तिरपा झाला. मग वहिनी काही न बोलता मागे गेल्या आणि स्वयंपाकाच्या पेटीतून कापायची फळी घेऊन आल्या. "अहो, सरका," दादाला म्हणाल्या. फळीवर जॅक, जॅकवर गाडी, वीस मिनिटांत चाक बदललं. फळीला मधोमध तडा गेला. खडीच्या रस्त्यावर गाडी देणाऱ्या कंपनीनं ही पाटी दिलीच पाहिजे. तिची किंमत काय, आणि ती नसेल तर होणारं नुकसान काय! वाहतूक एवढी विरळ असते की मदतीला कोण कधी येईल हे सांगता येत नाही. येतात मात्र. आम्ही चाक बदलत होतो तेव्हा दोन गाड्या गेल्या आणि दोन्ही थांबून, काच खाली करून, पाणी आहे ना विचारून गेल्या.

सॉलिटेअर म्हणजे पेट्रोल पंप, बेकरी आणि वाळूत रुतवून ठेवलेल्या गंजक्या जुन्या गाड्या. सफरचंदाचा पाय प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्धीला साजेसा आहे. पण इथे थांबायचं ते टायरसाठी. चिरलेला टायर बदलून नवा घ्यायला प्रवासाच्या दुसऱ्या टोकापर्यंत थांबावं लागेल असं कळलं. कंपनीला फोन केला. दुसऱ्या स्टेपनीवर पुढे जा, किनाऱ्यावरच्या वाल्विस बेला नवा मिळेल, असं उत्तर पाच मिनिटांत आलं. मी वेळ लिहून ठेवते, म्हणून खात्रीनं सांगते: पाच.

तिथून सेस्रीम साधारण ऐंशी किलोमीटर. नाव आफ्रिकान्समधलं, 'सहा चामडी वाद्या'. तिथल्या घळीतलं पाणी शेंदायला बादलीला सहा वाद्या एकापुढे एक बांधाव्या लागत, म्हणून. घळ सुमारे किलोमीटरभर लांब, कुठे कुठे तीस मीटर खोल, आणि आत इतकी अरुंद की दुपारी दोनलाही सावली. सौचाब नावाच्या नदीनं ती कापली आहे. नदी बहुतेक वर्षं कोरडीच. तीच नदी पुढे वाळूच्या टेकड्यांत जाऊन अडते, समुद्रापर्यंत पोचतच नाही. ती अडते ती जागा म्हणजे सोसूसव्लेई.

राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या तळावर जागा मिळवाच. बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं, आतल्यांसाठीचं त्याच्या तासभर आधी. हा एक तास हीच तिथली खरी मिळकत. अंधारात साठ किलोमीटरचा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना टेकड्यांच्या काळ्या कडा, मग एकेका कडेला हळूहळू रंग चढतो. करार सूर्यास्तानंतरचं म्हणतो, सूर्योदयाआधीचं काय? मी कंपनीला आधीच लेखी विचारून घेतलं होतं. उद्यानातल्या त्या रस्त्याला परवानगी आहे असं उत्तर आलं, ते मी छापून सोबत ठेवलं. दादा हसला. पण मी पाहिलं आहे, असा एक कागद नसल्यामुळे माणसं काय काय भरतात.

ऑगस्टमधली ती रात्र मात्र फार थंड. छतावरचा तंबू जमिनीपासून दोन मीटर वर, वारा खालूनही येतो. गादी चांगली, रजया पातळ. गरम टोपी घालून झोपलो. दुसरी मोठी तक्रार त्याच रात्रीची. टपातला फ्रिज दुसऱ्या बॅटरीवर चालतो, गाडी चालताना ती भरते आणि उभी असताना फ्रिजला वीज देते. आमची बॅटरी पहाटे तीनला मेली. फ्रिजचा दिवा लाल, आत दूध कोमट, मांस संशयास्पद. बॅटरीवर बसवल्याची तारीख लिहिलेली नव्हती, पण टोकांवर साचलेली पांढरी पूड बघून ती तरुण नव्हती हे मलाही कळलं. बॅटरी यादीत नव्हती, वगळलेल्यांतही नव्हती आणि धरलेल्यांतही. दरम्यान एका कोल्ह्यानं दादाचा डावा बूट शिडीखालून नेला. तिथले काळ्या पाठीचे कोल्हे याबद्दल बदनाम आहेत, सगळे सांगतात बूट वर घ्या. दादालाही सांगितलं होतं.

डांबर संपतं तिथून शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू. साध्या गाड्या तिथेच लावून पुढे उद्यानाची वाहतूक घ्यायची. आम्ही फोर बाय फोरसाठी एवढे पैसे भरले होते, म्हणून स्वतः गेलो. हवा 1.0 वर आणली, लो रेंज (कमी वेग, जास्त ताकद) टाकला. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून जाते. एवढं साधं आहे. दादा तीन किलोमीटर सुरेख गेला. मग समोरून कोणी आलं म्हणून त्यानं ब्रेक मारला.

वाळूत ब्रेक मारायचा नाही. सोडून द्यायचं, गाडी आपोआप थांबते. ब्रेकनं चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. त्यात दादानं पुन्हा जोरात उचललं, चाकं फिरली, गाडी पोटावर टेकली आणि क्लचचा वास आला. तो जळका वास मला एका क्षणात सहाव्या पानावर घेऊन गेला. "दादा, पाय काढ! आत्ता काढ!" मी एवढी ओरडले की थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या हरणानं मान वळवली. (हरण नव्हे, ओरिक्स, नामिबियाच्या राजमुद्रेवर आहे तो प्राणी. तलवारीसारखी सरळ शिंगं, आणि नाकातून श्वासाबरोबर गार होणारं रक्त मेंदूला गार ठेवतं, म्हणून उन्हात उभा राहू शकतो. आमच्याकडे बघत शांत उभा होता.)

फावड्यानं चाकांपुढची वाळू काढली, हवा 0.8 वर आणली, व्हिडिओ पुन्हा बघितला. चालक बदलला. "वहिनी, तुम्ही बसा." वहिनींनी आधी मागे घेतली, स्वतःच्याच चाकोरीतून, मग दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता गेल्या. त्या पुढे अखेरपर्यंत वाळूत चालवत राहिल्या आणि दादानं एकदाही पाळी मागितली नाही. गाडीबद्दल सांगायचं तर तिच्यात काही कमी नव्हतं. जे कमी होतं ते ड्रायव्हरच्या पायात होतं.

डेडव्लेईचं वर्णन मी थोडक्यात करते, कारण फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत आणि ते खरे आहेत. गाडीपासून किलोमीटरभर चालायचं. टेकडी ओलांडली की खाली पांढरी, कडक, भेगाळलेली जमीन आणि तिच्यात उभी काळी झाडं. कधीकाळी सौचाबचं पाणी इथे यायचं, मग वाळूनं वाट अडवली. बाभळीच्या जातीची ही झाडं सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मेली असं मानतात, आणि हवा इतकी कोरडी की कुजायलाही ओल नाही. भोवतीच्या टेकड्या तांबड्या. रंग वाळूवरच्या लोहाच्या गंजाचा. ही वाळू मुळात ऑरेंज नदीनं दक्षिणेकडून समुद्रात आणलेली. प्रवाहानं ती किनाऱ्यानं वर नेली आणि वाऱ्यानं आत आणली. बिग डॅडी नावाची टेकडी सव्वातीनशे मीटरच्या आसपास आहे. दादा एका बुटावर आणि एका चपलेवर अर्धी चढला.

याआधी मी आणखी तीन वाळवंटांत भाड्यानं गेले आहे, म्हणून तुलना करते. जॉर्डनच्या वादी रममध्ये बदू (बेदुइन) चालक जीपच्या मागच्या बाकावर बसवून नेतात. काम चोख, खडकांच्या कमानी थक्क करतात, पण आपण सामानासारखे असतो. मोरोक्कोत एर्ग शेबीला उंटावरून गेले. दीड तासानं मांड्यांचा जो हिशेब होतो तो कुठल्याही करारात नव्हता. चिलीतलं आताकामा सगळ्यात कोरडं, पण तिथे खरा प्रश्न उंचीचा. सान पेद्रो गाव चोवीसशे मीटरवर आणि एल तातियोचे गरम झरे त्रेचाळीसशेच्या आसपास, पहाटे थंडीत उभं राहून डोकं धरायचं. या तिन्ही ठिकाणी वाळवंट दुसऱ्यानं चालवलं. नामिबियात ते आपल्या हातात देतात. ज्याला चाक बदलता येत नाही आणि शिकायचंही नाही, त्यानं वादी रमला जावं, तिथे पैसे जास्त सुखात जातील.

सेस्रीमहून परत सॉलिटेअर आणि मग सी चौदा रस्त्यानं समुद्राकडे. मकरवृत्ताची पाटी येते, स्टिकर चिकटवून चिकटवून ती वाचता येत नाही. गाऊब आणि कुइसेब या दोन दऱ्या उतरून चढायच्या. कुइसेबच्या दरीत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हेन्नो मार्टिन आणि हेर्मान कोर्न हे दोन जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ नजरकैद टाळण्यासाठी सुमारे अडीच वर्षं लपून राहिले, सोबत कुत्रा. शिकार करायची, पाणी शोधायचं, पोलिसांपासून दूर राहायचं. त्या कड्यावर उभं राहून मी खाली बघितलं. आमच्याजवळ दोन पिंपं पाणी, बंद पडलेला फ्रिज आणि फोनवर पाच मिनिटांत उत्तर देणारी कंपनी होती.

वाल्विस बेला पोचायच्या आधी पन्नासेक किलोमीटरवर हवा अचानक गार झाली आणि धुकं आलं. किनाऱ्यालगत बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. त्यावरची दमट हवा गार होऊन धुकं होते आणि आत वाळवंटात शिरते. पाऊस नाही, पण हे धुकं आहे. त्यावर जगणारा एक काळा किडा पहाटे टेकडीच्या माथ्यावर जाऊन डोकं खाली, पाठ वर असा उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब घरंगळून तोंडात येतात. वेल्विचिया नावाची झाडंही याच पट्ट्यात. आयुष्यभर दोनच पानं, आणि ती हजार हजार वर्षं वाढत, फाटत राहतात. दिसायला पार गबाळी. मला ती डेडव्लेईपेक्षा आवडली, पण माझं ऐकून कुणी फेरी लांबवू नये.

वाल्विस बेला कंपनीनं सांगितलेल्या गॅरेजात टायर तयार होता. बॅटरीसाठी मात्र 'आज नाही, उद्या', आणि उद्याचं 'दुपारनंतर'. एक दिवस गेला. बॅटरीचे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत, वाया गेलेल्या अन्नाचे मागूनही दिले नाहीत. गेलेल्या दिवसात आम्ही स्थानिक चालकाबरोबर सँडविच हार्बरला गेलो, कारण तिथे भाड्याची गाडी न्यायला करारात मनाई आहे. मनाई योग्य आहे. वाळूच्या टेकड्या थेट अटलांटिकमध्ये उतरतात, मधली पट्टी भरतीला नाहीशी होते आणि चालकाचा एक डोळा घड्याळावर असतो. त्यानं एका टेकडीवरून गाडी अशी सोडली की वहिनींनी माझा हात धरला. मग मला विचारलं, हवा किती ठेवली असेल. उतरल्यावर त्यांनी गेज लावून बघितलीही. 0.7.

स्वाकोपमुंडला यादीतली आणखी एक गोष्ट समोर आली, उडालेल्या वाळूची. जर्मनांनी 1892 साली वसवलेलं हे गाव, लाकडी खांबांची घरं, केकची दुकानं. हिवाळ्यात कधी कधी पूर्वेकडून गरम वारा सुटतो आणि वाळवंटच किनाऱ्यावर येतं. आम्ही बाहेर जेवत होतो तेव्हा सुटला. मी ताट टाकून उठले आणि वहिनींना गाडी इमारतीच्या आडोशाला घ्यायला लावली, तोंड वाऱ्याविरुद्ध नाही, पाठ वाऱ्याकडे, दिव्यांवर आणि बोनेटवर आमच्या रजया बांधून. पातळ रजयांचा तेवढा एक उपयोग झाला. शेजारच्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या दिव्यांची काच सकाळी दुधी झालेली दिसली.

शेवटच्या दोन रात्री श्पित्सकोपेला, गुलाबी ग्रॅनाइटच्या सुळक्यांखाली. फ्रिज चालत होता. आणखी काही सांगण्यासारखं घडलं नाही, म्हणून ते दोन दिवस सगळ्यात चांगले.

मग 'बी दोन' या डांबरी रस्त्यानं विंडहुककडे. यार्डात तेच गृहस्थ. त्यांनी टॉर्च लावून गाडीखाली सरकून पाहिलं, काचेवरचा टवका पट्टीनं मोजला, टायरांचे अंक लिहिलेल्या अंकांशी ताडून बघितले, वेगाच्या डबीचा कागद छापला. सर्वांत जास्त वेग, 86, पहिल्या दिवशी. दादाकडे बघितलं, काही बोलले नाहीत. खालचा भाग ठीक. क्लच ठीक, एकदा गाडी पुढे-मागे करून त्यांनी तो तपासला तेव्हा आम्ही तिघंही श्वास धरून होतो. टायर आणि काच माझ्या 280 मध्ये बसले. जॅकच्या पाटीबद्दल मी लेखी तक्रार दिली, ती त्यांनी वाचली, मान डोलावली आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतली. बॅटरीबद्दल दिलेल्या तक्रारीवर फक्त शिक्का मारला.

पाचपैकी विचाराल तर ताबा देण्याला पाच, गाडीला पाच, बॅटरीला शून्य, रजयांना एक. पुन्हा जायचं ठरलं तर याच कंपनीकडे जाईन, बॅटरी कधी बसवली ते आधी विचारून.

अनामत रक्कम अकरा दिवसांनी परत आली. पूर्ण नाही, 90 डॉलर कापून. सोबत एका ओळीचं बिल: कापायची फळी, एक, तडा गेलेली.